काकांनी हात न लावलेलं इंजिन

काका,

तुमच्या तेराव्याला जमलेल्या माणसांनी तुमच्याविषयी जे सांगितलं त्यातलं निम्मं तरी चुकीचं आहे, आणि ते दुरुस्त केल्याशिवाय मला स्वस्थ बसवत नाही. तुमच्या जिनिंग फॅक्टरीतले तिघे जण म्हणाले, ‘शांत माणूस होता.’ तुम्ही शांत नव्हता. फॅक्टरीच्या शाफ्टचा आवाज जरा बदलला की तुम्ही जेवत्या ताटावरून उठत होता आणि अंगणातूनच ‘अबे, तेल दे त्याले!’ अशी हाक देत होता. ती अर्ध्या मलकापुराला ऐकू जात असे. एक दूरचे नातेवाईक म्हणाले, ‘कुणाच्या अध्यातमध्यात नसायचे.’ माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी ढवळाढवळ तुम्हीच केलीत, तीही मला न विचारता. एकच गोष्ट सर्वांनी अचूक सांगितली. तुम्हाला हार मानवत नसे.

मलाही मानवत नाही. म्हणून आपला वाद जिथे थांबला तिथून मी तो पुढे चालवणार आहे. तुम्हाला उत्तर देता येणार नाही, हा या वादातला मोठा अन्याय आहे, आणि तो तुमच्यापेक्षा माझ्यावर अधिक झाला आहे.

इंटर सायन्सची परीक्षा देऊन मी सुट्टीला तुमच्याकडे आले, तेव्हा तुमच्या मागच्या पडवीत जीप उघडी पडली होती. महायुद्धातून उरलेली, लष्कराच्या लिलावातून तुम्ही आणलेली, डाव्या हाताला स्टिअरिंग असलेली ती गाडी धूर ओकत होती, चढ लागला की तिचं पाणी उकळत होतं. तुम्ही तिचं इंजिन पार सुटं केलं होतं. चार पिस्टन आपापल्या दांड्यांसह भिंतीवरच्या खिळ्यांना ओळीने टांगले होते. बाकीचे भाग परातींमध्ये होते. घरातल्या सगळ्या पराती तुम्ही घेतल्यामुळे काकू पोळ्यांची कणीक पातेल्यात मळत होती आणि दर गोळ्याला तुमचा उद्धार करत होती.

त्याच आठवड्यात बाबा बुलढाण्याहून आले. माझा अभियांत्रिकी महाविद्यालयाचा अर्ज त्यांच्या पिशवीत होता आणि पालकाच्या सहीची जागा कोरी होती. बाबा कचेरीतले कारकून. कोरी जागा त्यांना सहन होत नाही. तरी ती त्यांनी महिनाभर कोरी ठेवली होती, यावरून त्यांचा निर्धार लक्षात यावा.

‘‘बी.एस्सी. कर, बी.टी. कर, शाळेत लाग,’’ ते म्हणाले. ‘‘लोखंडाचं काम मुलीच्यानं व्हायचं नाही. मी तुझ्या बुद्धीबद्दल बोलत नाही, हाताबद्दल बोलतो.’’

मी उत्तराची जुळवाजुळव करत होते. तेवढ्यात तुम्ही राकेलच्या डब्यातून मान वर केलीत.

‘‘दादा, हाताचीच गोष्ट आहे न? मंग हे इंजिन तिले जोडू दे. मी हात लावणार नाही. गाडी राजूरचा घाट चढली, पानी न उकळता, मधात न थांबता, तं तू सही करशीन का नाही, तेवढं सांग.’’

बाबा मनापासून हसले. ‘‘तू हात लावणार नाहीस? गजा, तू रस्त्यानं जाताना दुसऱ्याच्या सायकलीची चेन बसवून देतोस.’’

‘‘लावला तं तू जिंकला.’’

‘‘बोट जरी लावलंस तरी.’’

‘‘बोट जरी लावलं तरी.’’

मला कुणीही काही विचारलं नाही. पणाला लागला होता माझा अर्ज आणि पैज लागली होती दोन भावांची. त्या दिवशी मला तुमचा संताप आला होता, हे आज कबूल करते. कृतज्ञता पुढे आली, हप्त्याहप्त्याने.

इथून पुढची हकीगत तुम्ही गावभर सांगितलीत आणि प्रत्येक वेळी वेगळी सांगितलीत. म्हणून एकदा नीट नोंदवते.

पिस्टनचा दांडा खाली क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या आसाला, धरतो तो एका कड्याने. कड्याचा वरचा अर्धा भाग दांड्याचाच असतो; खालचा अर्धा भाग सुटा असतो आणि दोन बोल्टांनी आवळला जातो. त्या सुट्या भागाला तुम्ही टोपी म्हणत होता. चार दांड्यांच्या चार टोप्या. कोणती टोपी कोणत्या दांड्याची, हे कळावं म्हणून तुम्ही त्यांच्यावर तेलात कालवलेल्या शेंदराचे ठिपके दिले होते: एक, दोन, तीन, चार.

‘‘आकड्याचा छाप ठोकून खूण का नाही केली?’’ मी विचारलं.

‘‘लोखंडाले जखम काऊन करायची? शेंदूर पुरते.’’

शेंदूर पुरला असता, आखाजी नसती तर. चांगला दिवस पाहून जोडणीला हात घालायचा, म्हणून आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, सकाळ ठरली. मी आंघोळ करून पडवीत आले, तर काकूने पराती उन्हात मांडल्या होत्या, प्रत्येक भागाला हळदीकुंकू वाहिलं होतं, वर एकेक फूल होतं. चारही टोप्या लख्ख होत्या आणि चारही टोप्यांवर कुंकवाचा एकेकच ठिपका होता.

‘‘शेंदूर कुठं गेला?’’ तुमचा आवाज मला अजून आठवतो. फार बारीक होता.

‘‘पुसला,’’ काकू म्हणाली. ‘‘शेंदूर लागला म्हंजे देव झाला. अन् बाजूले तुमची हातोडी! देवाले हातोडी मारणार होते काय? म्या आधी राकेलनं पुसलं, नमस्कार केला, मंग कुंकू वाहिलं. माह्यं काय चुकलं?’’

तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिच्या बाजूने पाहता तर्क निर्दोष होता. तुम्ही बाजेवर बसलात, पराती‍कडे हात लांबवलात आणि विस्तवाला लागावा तसा मागे घेतलात. मग दोन्ही हात काखेत दाबून धरलेत. पुढचे तीन आठवडे तुम्ही माझ्यासमोर बहुतेक तसेच बसून होता.

चूक त्यानंतर झाली, आणि ती माझी होती. चारही टोप्या एकाच कारखान्यात, एकाच मापाने झाल्या असणार, तेव्हा कोणतीही कुठेही चालेल, असं मी गृहीत धरलं. तुम्ही खोकलात. मी खोकल्याकडे दुर्लक्ष केलं. दोन दिवस खपून मी सगळं जोडलं, समोरून हँडल घातलं आणि फिरवायला गेले. हँडल हललं नाही. मी त्याला लोंबकळले, तरीही नाही.

‘‘आता बोलू का?’’ तुम्ही विचारलंत.

‘‘बोलायला मनाई नाही. हाताला आहे.’’

‘‘टोपी अन् दांडा आधी जोडतेत, मंग मधातलं भोक कापतेत. म्हून ते जोडपं एकमेकाचंच ऱ्हायते. दुसऱ्याचं लावलं तं सांध्यावर पायरी पडते. केसाएवढी. तेवढ्यानं क्रँक जाम होते.’’

‘‘हे दोन दिवसांपूर्वी का नाही सांगितलं?’’

‘‘म्या खोकललो न!’’

मी सगळं पुन्हा उघडलं आणि कागद घेऊन बसले. चार टोप्या चार दांड्यांना चोवीस प्रकारे लागतात. प्रत्येक टोपी उलट किंवा सुलट बसू शकते, म्हणजे एकूण तीनशे चौऱ्याऐंशी जुळण्या. तो आकडा ऐकून काकूने कपाळाला हात लावला. पण एकेक दांडा स्वतंत्र तपासला तर पहिल्याला फार तर आठ प्रयत्न, दुसऱ्याला सहा, मग चार, मग दोन. वीस प्रयत्नांत उत्तर मिळायला हवं. तुम्ही तो कागद दोनदा वाचलात आणि काहीच बोलला नाहीत. तुमच्याकडून मिळालेली ती पहिली शाबासकी, असं मी धरते.

माप घ्यायला माझ्याकडे कॉलेजातून सुट्टीपुरता मागून आणलेला व्हर्नियर होता. मी पहाटे उठत असे, कारण मलकापूरच्या उन्हात दहा वाजता लोखंड हातात धरवत नाही आणि तापलेल्या लोखंडाचं माप खोटं येतं. आठही प्रयत्नांत व्हर्नियरने एकच आकडा दाखवला. त्याला एक दशांश मिलिमीटरपेक्षा बारीक काही दिसत नव्हतं, आणि मला जी पायरी शोधायची होती ती त्याहून बारीक होती.

‘‘ते पेटीत ठेव,’’ तुम्ही म्हणालात. ‘‘नख फिरव सांध्यावरून. अडलं तं पायरी.’’

मी नख फिरवलं. मला सगळीकडे सारखंच लागलं.

‘‘नाही कळत न? ते शिकवून येत नाही, इंदू. हात घेऊनच माणूस जन्माले येते.’’

काका, त्या वाक्याला मी आजही माफ केलेलं नाही. बाबांचं म्हणणं आणि तुमचं म्हणणं त्यात फरक काय उरला? दोघांच्याही मते माझा हात जन्मतःच ठरलेला होता. फक्त बाबांच्या मते तो माझ्याकडे नव्हता आणि तुमच्या मते कदाचित होता.

मी काकूच्या डोक्यातला एक केस मागितला. पाटावर वर्तमानपत्राचा कागद पसरला. मी पाठ करून बसायचं. काकूने कागदाखाली केस ठेवायचा किंवा ठेवायचा नाही, तिच्या मर्जीने. मग मी डोळे मिटून नख फिरवायचं आणि सांगायचं: आहे की नाही. बरोबर आलं तर एक फुली, चुकलं तर शून्य. पहिल्या दिवशी नाणं उडवून सांगितलं असतं तरी तितकंच बरोबर आलं असतं.

‘‘जीप ऱ्हायली बाजूले, अन् पोरगी केस शोधून ऱ्हायली,’’ तुम्ही शेजाऱ्याला सांगत होता.

‘‘तुम्हीच शोधा मंग एकदा,’’ काकू म्हणाली. ‘‘कागदाले हात लावाची बंदी नाही तुमाले.’’

तुम्ही शोधलात. पहिल्या फटक्यात. दोन कागदांखालचाही. काकू तुमच्याकडे अशा नजरेने पाहत राहिली की मी वहीत डोकं घातलं.

पाचव्या दिवशी फुल्या वाढल्या. आठव्या दिवशी मला एका कागदाखालचा केस बिनचूक कळत होता, दहाव्याला दोन कागदांखालचा. कोणत्या क्षणी कळू लागलं, हे मला सांगता येत नाही. पण वही सांगते की कळू लागलं. मग मी टोप्यांकडे वळले.

आता जे कधीच सांगितलं नाही, ते सांगते.

पहिले दोन दांडे सहज जुळले. तिसऱ्यापाशी दोन जुळण्या मला सारख्याच वाटल्या. मी पुनःपुन्हा नख फिरवलं आणि नकळत तुमच्या तोंडाकडे पाहिलं. एका जुळणीला तुमची डावी भुवई किंचित वर गेली. मी ती जुळणी वहीत लिहिली. लिहून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की ते निरीक्षण माझं नव्हतं. आणि मग असंही वाटलं की आधीची दोन तरी कशावरून माझी?

‘‘काका, तुम्ही बाहेर जा.’’

‘‘माह्याच घरातून?’’

‘‘हो. संध्याकाळपर्यंत येऊ नका.’’

तुम्ही गेलात. स्टेशनच्या हॉटेलात चहा पीत बसलात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलंत, ‘‘पुतणीनं हाकललं मले!’’ पुढची सगळी वर्षं तुम्ही हे हसत सांगत होता आणि मी कारण सांगितलं नाही. कारण हे की मला तुमची भुवई वाचता येत होती आणि तिच्यावर इंजिन जोडलं असतं तर बाबांचं म्हणणं खरं ठरलं असतं. मी सगळ्या नोंदी फाडल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पहिले दोन दांडे तेच आले. तिसरा बदलला.

होय, काका. तुमची भुवई चुकली होती.

हे मी तुम्हाला ऐकवणार होते. चांगली संधी शोधत होते, तुम्ही चारचौघांत ‘मले तं पहिल्या दिवशीच माहीत होतं’ म्हणाल तेव्हा. तसं तुम्ही अनेकदा म्हणालात आणि प्रत्येक वेळी तुमचा चेहरा इतका खुशीत असे की मी पुढच्या खेपेवर ढकललं. कदाचित भुवईवर माशी बसली असेल. ते आता तपासता येत नाही. हा एक प्रयोग कायमचा अर्धवट राहिला आणि त्याचं मला जितकं वाईट वाटतं तितकं वाईट वाटेल, अशी माझी अपेक्षा नव्हती.

बाकीचा वाद मात्र मी जिंकले आहे. मी कॉलेजात गेल्यावरही तुम्ही पोस्टकार्डांवर तेच लिहीत राहिलात: ‘हात आपल्या घराण्याचा आहे. तुझ्या आजोबाचा होता, माझा आहे, तुझ्यात उतरला.’ म्हणून शेवटच्या वर्षी वर्कशॉपमधल्या सहा वर्गमित्रांना मी केस आणि कागद घेऊन बसवलं. त्यांच्यातला एकही आपल्या घराण्यातला नाही, आणि एकाला तर पेचकस कोणत्या टोकाने धरायचा इथपासून शिकवावं लागलं. सहाही जणांना केस सापडू लागला. तो तक्ता मी या दिवाळीला तुमच्यासमोर ठेवणार होते. आता तो हे लिहिते आहे त्याच वहीत आहे. तुम्ही हरलात, काका. हे लिहून पाहिलं. वाटलं होतं तेवढी मजा आली नाही. गेल्या आठवड्यात कामावर एका पंपाचा आवाज विचित्र येत होता. मी पोस्टकार्ड काढलं, तुमचा पत्ता पूर्ण लिहिला, आणि मग शाई वाळेपर्यंत बघत बसले.

पण त्या घाटाबद्दल लिहिताना मला दुःखी राहणं जमत नाही, आणि तुम्हालाही ते आवडलं नसतं.

टोप्या बसल्यावर हँडल एका हाताने फिरलं. एका हाताने, काका! मी तीनदा फिरवून पाहिलं, मग काकूला फिरवायला लावलं. चौथ्या दिवशी इंजिन पेटलं, तेव्हा पडवीतले चिमण्यांचे खोपे हादरले आणि काकू पदराने तोंड झाकून हसत सुटली. तुम्ही काखेतले हात न सोडता पडवीत नुसते येरझाऱ्या घालत होता.

बाबा पहिल्या बसने आले. पैजेत चालवण्याला मनाई नव्हती, म्हणून स्टिअरिंगवर तुम्ही बसलात, उजवीकडे बाबा, खिशात घडी घातलेला अर्ज, मागे मी. मोताळा मागे पडलं. घाट सुरू झाला. पहिलं वळण, दुसरं वळण, पाण्याच्या टाकीच्या झाकणातून वाफ नाही. मी श्वास सोडला. आणि तिसऱ्या वळणाच्या पुढे आवाज आला: टक. टक. टकटक.

बाबा वळून बसले. ‘‘गजा, हे काय?’’

तुम्ही स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळलंत. तुमची मान ताठ झाली आणि मला कळलं की तुम्हीही घाबरला आहात. टोपी सैल झाली असेल तर आणखी थोड्या वेळात दांडा तुटून इंजिनाच्या बाजूने बाहेर येईल. थांबावं तर सही गेली. न थांबावं तर गाडी गेली. आणि गाडी तुमची होती.

‘‘काका, दुसरा गिअर टाका,’’ मी म्हणाले.

‘‘चढतेच आहे न तिसऱ्यावर.’’

‘‘टाका तुम्ही!’’

तुम्ही टाकलात. गाडीचा वेग उतरला आणि इंजिनाचा वेग चढला. आवाज दांड्याचा असता तर इंजिनाबरोबर तोही जलद व्हायला हवा होता. झाला नाही. उलट मंदावला. खड्डा आला की येत होता, खड्डा नसला की थांबत होता.

‘‘इंजिन नाही. माझ्यामागे काहीतरी लोळतंय. चालू द्या.’’

‘‘नक्की?’’ हे बाबांनी विचारलं. तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही सरळ पाय दाबलात. माझ्या आजवरच्या कोणत्याही निष्कर्षावर कुणी इतक्या तातडीने स्वतःची गाडी लावलेली नाही.

माथ्यावर गाडी उभी राहिली. बाबा उतरले, पाण्याच्या टाकीपाशी गेले, वाकून पाहिलं. मी मागची हत्यारांची पेटी उघडली. आत फडक्यात सैलसर गुंडाळलेला नारळ होता. काकूने माथ्यावर फोडण्यासाठी ठेवला होता आणि सांगायची विसरली होती.

बाबांनी नारळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग अर्ज काढून बॉनेटवर पसरला. बॉनेट तापलं होतं, म्हणून खाली रुमाल घातला. कोऱ्या जागेत त्यांनी पूर्ण नावाची, कचेरीतल्यासारखी ठळक सही केली आणि शाई वाळावी म्हणून कागद वाऱ्यावर धरला.

‘‘घे,’’ ते मला म्हणाले. ‘‘हाताबद्दलचं मी मागे घेतो.’’

मी कागद घेतला. खाली मोताळ्याकडचं सगळं शिवार उन्हात पसरलं होतं आणि मला मोठ्याने ओरडावंसं वाटत होतं. तेवढ्यात तुम्ही माझ्या शेजारी येऊन उभे राहिलात. तीन आठवडे दाबून धरलेले हात तुम्ही धोतराला पुसलेत, एकदा उघडलेत, एकदा मिटलेत. आणि स्वतःच्या गाडीकडे बघत, परक्याच्या दारात उभं राहून विचारावं तसं, हळूच मला विचारलंत,

‘‘आता लावू का वं हात?’’